बटाट्याचा धर्म

अन्नाची शुद्धता पदार्थात वसते की तो शिजवणाऱ्या-खाणाऱ्यांच्या समजुतीत, हा धर्मशास्त्राचा जुना प्रश्न कोकराचे मटण, कांदा आणि बटाटा मंद आचेवर शिजवलेल्या इंग्रजी रश्श्यापुढे विशेष स्पष्ट होतो. आंबेनळी घाटाच्या माथ्यावरील महाबळेश्वर गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या काळात (१८२७–१८३०) इंग्रजांचे थंड हवेचे ठिकाण झाले, त्यामुळे हा पदार्थ येथे अगदीच परका मानता येत नाही.

मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात द्विजांना, म्हणजे उपनयनाचा अधिकार असलेल्या वर्णांना, कांदा-लसूण वर्ज्य आहे; बटाट्याचा उल्लेख मात्र नाही आणि असणे शक्यही नव्हते, कारण हा कंद दक्षिण अमेरिकेतून, पोर्तुगीज नाव घेऊन आला. तरीही आज तोच एकादशीच्या फराळात सन्मानाने बसतो. शुद्धता वस्तूत असती, तर या परक्या कंदाला उपवासात स्थान मिळालेच नसते. ते रूढीने दिले, आणि रूढी माणसेच घडवतात. दोन तास शिजल्यावर बटाटा विरघळून मटणाचा रस दाट करतो, तेव्हा भांड्यातले पवित्र कोणते आणि अपवित्र कोणते, हे कोण निवडणार?

घाटाच्या पायथ्याकडील महाडमध्ये हाच प्रश्न पाण्याबाबत उभा राहिला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केल्यावर सनातन्यांनी पंचगव्याने, म्हणजे गाईपासून मिळणाऱ्या पाच द्रव्यांनी, तळे ‘शुद्ध’ केले. अस्पृश्यांना नाकारलेले ते पाणी गुरांना मात्र पूर्वीपासून खुले होते. तळ्याच्या वादात मुंबई उच्च न्यायालयाने १९३७ साली अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला.