आधी आकडा उघडा, मग घसा

बसा. दोघंही बसा, आणि ती प्रशस्तिपत्रं बॅगेत घाला. परीक्षकांनी तुम्हाला पहिला आणि दुसरा क्रमांक दिला. त्यांचं त्यांच्यापाशी. मी मागच्या रांगेत बसून ऐकलं आणि मला शरम वाटली.

विषय होता, बायडन यांच्या काळात अमेरिकेतली गरिबी हटली की वाढली. तू घसा ताणून सांगितलंस की मुलांमधली गरिबी 9.7 टक्क्यांवरून 5.2 वर आली. मग तू उठलीस, गं, आणि त्याच्याहून वरच्या पट्टीत म्हणालीस की 5.2 वरून 12.4 वर गेली, दुपटीहून जास्त. दोघांचेही आकडे खरे. अमेरिकेच्या जनगणना खात्याचेच आहेत, 2020, 2021 आणि 2022 या तीन वर्षांचे. एकाने पहिली दोन उचलली, दुसरीने शेवटची दोन. आणि मधल्या वर्षी नेमकं झालं काय, हे भरल्या सभागृहात एकालाही विचारावंसं वाटलं नाही!

मी सांगतो काय झालं. मार्च 2021 मध्ये तिथे कायदा झाला आणि मुलांमागे मिळणारी करसवलत एका वर्षापुरती वाढली. सहा वर्षांखालच्या मुलामागे 3,600 डॉलर, त्यावरच्या, सतरा वर्षांपर्यंतच्या मुलामागे 3,000. रकमेपेक्षा मोठी गोष्ट म्हणजे ज्या घरात कमाई शून्य, त्या घरालाही ती पुरती मिळाली. एरवी अशा घराच्या हाती यातलं काहीच पडत नसे. चार आणि नऊ वर्षांची दोन पोरं सांभाळणारी, हातात काम नसलेली एकटी आई घ्या. जुलैपासून डिसेंबरपर्यंत तिच्या खात्यात दर महिन्याला 550 डॉलर जमा झाले. उरलेले 3,300 पुढच्या वर्षी कराचं विवरणपत्र भरल्यावर. आणि जानेवारी 2022 चा हप्ता? आलाच नाही. मुदत संपली होती. शिवाय 2021 मध्ये माणशी 1,400 डॉलरची एकदाच मिळालेली मदतही त्या 5.2 मध्ये आहे, ती कुणालाच पुन्हा मिळणार नव्हती.

मुदत वाढवायचं विधेयक नोव्हेंबरमध्ये प्रतिनिधीगृहात मंजूर झालं आणि सेनेटमध्ये अडकलं. तिथे पन्नास विरुद्ध पन्नास. रिपब्लिकन सगळे विरोधात, आणि बायडन यांच्याच पक्षाचे जो मॅनचिन यांनी डिसेंबरात नकार कळवला. आता सांगा, 12.4 कुणाच्या नावावर मांडायचे? एकट्या राष्ट्राध्यक्षाच्या? तुम्ही दोघांनी काँग्रेस हा शब्द एकदाही उच्चारला नाहीत.

याहून लाजिरवाणी गोष्ट पुढे आहे. त्याच खात्याचं दुसरं एक माप आहे, ज्याला अधिकृत म्हणतात. त्या मापाने 2021 साली मुलांमधली गरिबी 15.3 टक्के, 2022 साली 15.0. म्हणजे जवळजवळ हललीच नाही! कारण ते माप फक्त कर कापण्याआधीचं रोख उत्पन्न धरतं. करसवलत त्यात नाही, अन्नासाठीची सरकारी मदतही नाही. करातून पोचलेला पैसा त्यात शोधायचा म्हणजे ताप बघायला वजनकाटा लावायचा. ही रेषा 1960 च्या दशकात मोली ओर्शान्स्की या बाईंनी आखली. कुटुंबाच्या उत्पन्नाचा साधारण तिसरा हिस्सा अन्नावर जातो, असं 1955 च्या पाहणीत दिसलं होतं. म्हणून काटकसरीच्या जेवणाचा खर्च घ्यायचा आणि तिप्पट करायचा. महागाईपुरती वाढवत तीच रेषा आजही चालवतात. तुमचे आकडे आले ते 2011 पासून निघणाऱ्या पुरवणी मापातून. ते तुम्हाला ठाऊक होतं? माना हलवू नका, तोंडाने बोला.

ट्रम्प यांचं 2020 तर याहून गमतीचं. अधिकृत मापाने त्या वर्षी देशातली गरिबी वाढली, पुरवणी मापाने घटली.

पुण्यात शिकता ना? इथल्याच गोखले संस्थेतल्या दांडेकर आणि रथ यांनी 1971 मध्ये माणशी रोज 2,250 कॅलरींच्या हिशेबावर आपल्याकडची दारिद्र्यरेषा मांडली. तिच्यावर पुढे कडाडून भांडणं झाली, पण भांडणारे रेषा कशी आखली ते वाचून भांडले.

आणि काय गं, तुझ्या हातात खणखणीत मुद्दा होता. कमाई नसतानाही पैसे द्यावेत का? 1996 मध्ये क्लिंटन या डेमोक्रॅट राष्ट्राध्यक्षानेच गरीब कुटुंबांच्या रोख मदतीला कामाची अट घालणाऱ्या कायद्यावर सही केली. तो वाद मांडला असतास तर पटो न पटो, मी कान देऊन ऐकला असता. तू 'दुप्पट, दुप्पट' करत टाळ्या घेतल्यास. आणि तू रे, बारा महिन्यांच्या योजनेला 'गरिबी हटवली' म्हणतोस? तेराव्या महिन्यात ती बाई काय करते, हे विचारायला तुला वेळ नव्हता.

शनिवारी आठ वाजता या. भाषण नको. 2019 ते 2022, दोन्ही मापं फळ्यावर शेजारी शेजारी मांडायची. प्रत्येक सालाखाली कोणती मदत चालू होती, कोणती बंद झाली आणि बाजूने मत कुणी दिलं, ते लिहायचं. खडू मी आणीन.