आधी वही दाखव

बस. आणि तो मोबाईल उलटा ठेव. साडेतीन वाजून गेलेत, आता त्यात बघण्यासारखं काही नाही.

कॉन्ट्रॅक्ट नोट आणलीस, तेवढं एक बरं केलंस. वेळा वाच. मोठ्यानं. सव्वानऊला बाजार उघडला, ९.२१ ला कॉल घेतलास. स्टॉप लॉस लावला होतास. भाव तिथं यायला लागला तसा तू तो काढून टाकलास. ऑर्डर बुकात कॅन्सल दिसतंय, नाही म्हणू नकोस. 'परत वर येईल असं वाटलं सर.' तिथंच सुटला असतास तर तीन हजारांत निभावलं असतं. मग पडत्या भावात ॲव्हरेज केलंस, मग चिडून पुट घेतलास, मग दुप्पट लॉट. दहा वाजून पाच मिनिटांनी बासष्ट हजार गेले. पहिला सौदा चुकला, त्याबद्दल मी बोलणार नाही. चांगल्या चांगल्यांचे चुकतात. पुढचे सौदे कसले होते, ते सांग.

आणि परत 'ऑपरेटरनं पाडला' म्हणतोस! ४ जून २०२४ ला, लोकसभेच्या निकालादिवशी, निफ्टी जवळजवळ सहा टक्के कोसळला. तसला दिवस असता तर ऐकून घेतलं असतं. परवा निफ्टी पाऊण टक्कासुद्धा हलला नाही. टेलिग्रामवरच्या कुणा भामट्याची टिप, राजारामपुरीतल्या चहाच्या गाड्यावरची चर्चा, हे सगळं तुझ्या कानात शिरलं असेल, पण बाय दाबलं कुणी?

सेबीनं सप्टेंबर २०२४ मध्ये आकडे मांडले: तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये सौदे करणाऱ्या शंभरातल्या ९३ जणांना तोटा, एकूण १.८ लाख कोटींच्या वर. पण मला दुसराच आकडा खुपतो. सलग दोन वर्षं मार खाऊनही त्यातले तीन-चतुर्थांशाहून जास्त लोक तिथंच राहिले. पुढं नियम कडक झाले, करार मोठे झाले; तरी २०२४-२५ मध्ये ९१ टक्के तोट्यातच. का? काहनेमन आणि ट्वर्स्की या दोघांनी १९७९ मध्येच मांडलंय: फायद्यात असताना माणूस जपून वागतो, तोट्यात गेला की तोच माणूस मोठा डाव लावतो. तुझी कॉन्ट्रॅक्ट नोट त्यांनी पाहिली नव्हती, एवढंच. त्यातून तू एक्स्पायरीच्या दिवशी ऑप्शन धरून बसलास. भाव जागेवर राहिला तरी प्रीमियम तासातासाला वितळतो, हे फळ्यावर आकृती काढून शिकवलंय मी. तेव्हा मान हलवत होतास.

वही कुठाय? सौदा का घेतला, कुठं सोडायचा, किती गमवायची तयारी आहे, हे आधी लिहायचं आणि मग बटण दाबायचं, असं ठरलं होतं. दोन पानं लिहिलीस, तीही फायद्याच्या दिवसांची! लक्ष्मीपुरीतला धान्याचा व्यापारी रोजमेळ जुळल्याशिवाय दुकान बंद करत नाही. चार रुपये कमी भरले तरी दिवाणजीला बसवून ठेवतो. तुझे बासष्ट हजार कमी भरले आणि तू रात्री जेवून झोपलास.

पैसे कुणाचे होते? मान वर कर. उसाच्या बिलाचे. आडसाली ऊस दीड वर्ष रानात उभा असतो. लागण, भरणी, रात्रीच्या लाइटीवर पाणी पाजणं, मग तोडणीसाठी टोळीच्या विनवण्या. एवढं करून खात्यावर आलेला पैसा तू पाऊण तासात घालवलास, आणि वडिलांना सांगितलंस 'गुंतवलाय'. हे वाक्य मला त्या तोट्यापेक्षा जास्त लागलं.

महिनाभर एकही सौदा नाही. कागदावरसुद्धा नाही. आधीच्या सहा महिन्यांच्या सगळ्या कॉन्ट्रॅक्ट नोटा काढ, प्रत्येक सौद्यापुढं खरं कारण लिही. 'कंटाळा आला म्हणून' असेल तर तेच लिही. वही सोमवारी इथं, माझ्या टेबलावर.

आता ऊठ. सहाची एसटी मिळेल. घरी गेल्यावर आधी वडिलांना आकडा सांग. पूर्ण, ब्रोकरेज आणि टॅक्स धरून.