राग गिळणे आणि अबोला
कुरआनमध्ये (३:१३४) राग गिळणाऱ्यांची आणि क्षमा करणाऱ्यांची एकत्र प्रशंसा आहे. मग पत्नीशी दिवसेंदिवस अबोला धरणारा पती संयमी ठरतो काय?

सहीह बुखारीतील हदीसनुसार, हजरत आयशा (रजि.) नाराज असल्या की शपथ घेताना मुहम्मदांच्या रबऐवजी इब्राहीमांच्या रबची शपथ घेत. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी हा सूक्ष्म फरक ओळखला आणि त्यांना बोलूनही दाखविला, परंतु दोष दिला नाही. त्यांनीही मोकळेपणाने सांगितले की, आपण सोडतो ते केवळ नाव.

येथे नाराजी लपली नाही, मर्यादाही ढळली नाही. अबोल्यात मात्र राग गिळलेला नसतो, साठविलेला असतो. त्यात क्षमेला जागा नसते. म्हणून आपली नाराजी सौम्य शब्दांत सांगावी आणि जोडीदाराची न सांगताही ओळखावी. दांपत्याचे समाधान यातच आहे.