रक्त मातीत का ओतायचे?

ज्यू धर्मात डुक्कर निषिद्ध का, याचे उत्तर आरोग्यात शोधण्याची सवय जुनी आहे. स्वतः वैद्य असलेल्या ज्यू तत्त्वज्ञ मैमोनिडीसनेही बाराव्या शतकात तेच सांगितले. पण बायबलचाच त्याला आधार मिळत नाही. ‘अनुवाद’ या ग्रंथाच्या १४व्या अध्यायात आपोआप मेलेले जनावर इस्राएल लोकांना वर्ज्य आहे. मात्र ते गावात राहणाऱ्या उपऱ्याला देण्याची किंवा परक्याला विकण्याची मुभा आहे. उपऱ्यावर प्रेम करा असे बजावणारा हाच ग्रंथ त्याला अपायकारक मांस देऊ देईल कसा? शिवाय विषारी वनस्पतींबद्दल बायबलच्या या आहार-नियमांत अवाक्षर नाही. बंधन आहे ते जीव घेण्यावर. ‘उत्पत्ती’च्या पहिल्या अध्यायात माणसाला धान्य आणि फळेच दिली आहेत, मांसाची परवानगी मिळते ती जलप्रलयानंतर, तीही रक्त वगळून, कारण जीव रक्तात असतो. ‘लेवीय’च्या १७व्या अध्यायात शिकाऱ्याने प्राण्याचे रक्त जमिनीवर ओतून वर माती लोटावी, असे सांगितले आहे. पोटात भूक, हातात शिकार, आणि तरीही आधी खाली वाकायचे! मानववंशशास्त्रज्ञ मेरी डग्लस यांनी १९६६ साली निषिद्ध प्राणी सृष्टीच्या वर्गवारीत न बसणारे ठरवले. तो विचार मार्मिक आहे, पण बायबलचे अभ्यासक जेकब मिलग्रोम यांचे म्हणणे मला अधिक पटते: हे नियम माणसाच्या मारण्याच्या अधिकाराला कुंपण घालतात. पवित्र व्हा, ही आज्ञाही ‘लेवीय’च्या ११व्या अध्यायात सरपटणाऱ्या जिवांच्या यादीला लागूनच येते.

या नियमांनी माणसे तोडली, हा आक्षेप मात्र गंभीर आहे, आणि सोवळे-ओवळे पाहिलेल्या मराठी वाचकाला तो लगेच भिडेल. इस्राएलला इतर राष्ट्रांपासून वेगळे राखणे हा हेतू ‘लेवीय’ लपवत नाही. म्हणूनच ‘प्रेषितांची कृत्ये’मध्ये येशूचा शिष्य पेत्र याला यापो गावी झालेल्या दर्शनातून कोणत्याही माणसाला अशुद्ध म्हणू नये हा बोध घ्यावा लागला, तो निर्विवाद मानायला हवा. पण त्यामुळे जिवाविषयीचा संयम निकामी ठरत नाही. अंतःकरण शुद्ध असले की ताटाचे काय, असे विचारणाऱ्यांनी कोकणातल्या बेने इस्राएल या ज्यू समाजाकडे पाहावे. हिब्रू विसरली, ग्रंथ हाती उरले नाहीत, तरी शनिवारी, शब्बाथाला, त्यांचा तेलाचा घाणा बंद राहिला. परंपरा सांगते की, डेव्हिड राहबी हा ज्यू बाहेरून आला आणि हे लोक ज्यूच आहेत का हे पाहायला त्याने त्यांच्या बायकांपुढे मासळी ठेवली, तेव्हा पर आणि खवले असलेली तेवढीच त्यांनी शिजवायला निवडून घेतली.