कुत्र्याचा कौल

कायद्याच्या दृष्टीने देवळातला देव हा कायमचा अज्ञान असतो. म्हणजे वयाने! त्याच्या नावावर जमीनजुमला असेल, पण सही दुसऱ्याने करायची. घरातला कुत्राही असाच कायमचा अज्ञान. फरक एवढाच, की देवाला निदान कौल लावता येतो. आमच्या सिंधुदुर्गात मुलीच्या लग्नापासून विहिरीच्या जागेपर्यंत कशालाही कौल लावतात. पाकळी उजवीकडे पडली की देव हो म्हणाला.

कुत्र्याला विचारायची ही सोय नाही. "बाबा रे, तुझ्या मानेवर हे गोचिडाचे औषध घालू का?" म्हटले की तो शेपूट हलवतो. "गोळी देऊ का?" तरी शेपूट. "काहीच नको ना?" तरी शेपूटच! इतकी एकमुखी संमती सहकारी सोसायटीच्या वार्षिक सभेतसुद्धा मिळत नाही. आणि ज्याला 'नाही' म्हणताच येत नाही, त्याच्या 'हो'ला किंमत ती काय?

गोचीड हा तसा प्रतिष्ठित प्राणी. सडापाशी राहून दूध सोडून रक्त पिणारा म्हणून ज्ञानेश्वरीत त्याची नोंद आहे. पण तिथे तो दृष्टान्तापुरता होता. १९५७ साली कर्नाटकातल्या क्यासनूरच्या जंगलात सापडलेला माकडताप २०१६ साली आमच्या दोडामार्ग तालुक्यात आला, तो गोचिडांमार्फतच. काजूच्या बागेत जाणारी माणसे अंगाला तेल चोपडून जाऊ लागली. कुत्र्यांचा गोचीडताप निराळा. त्यात गोचिडातून शिरलेला जंतू रक्तातल्या लाल पेशी फोडतो, आणि कालपर्यंत पोस्टमनवर भुंकणारा गडी आज मान टाकून पडतो. तेव्हा "आम्ही बाई औषध म्हणून घालत नाही" यातही फारसे पुण्य नाही. काही न करणे हासुद्धा कुत्र्याच्या वतीने घेतलेला निर्णयच.

दुसरा पक्ष याहून उत्साही. शेजारच्या काकी गोठ्यातली बाटली घेऊन उभ्या असतात. "म्हशीक चलता, मगे कुत्र्याक कित्याक चलाचा नाय?" म्हैस चारशे किलोची आणि कुत्रा बारा किलोचा, त्यातले दोन किलो नुसते कान, हा हिशेब काकींना मंजूर नसतो. मांजराची तर गोष्टच वेगळी. परमेथ्रिन नावाचे औषध कुत्र्याला योग्य मात्रेत चालते. पण मांजराच्या यकृताला ते पचवता येत नाही. मांजर थरथरते, झटके देते, मरूही शकते. 'कुत्र्यांसाठी सुरक्षित' ही बाटलीवरची अक्षरे अगदी खरी असतात. पण त्याच गोणपाटावर कुत्र्याला चिकटून झोपणाऱ्या मांजराला वाचता कुठे येते?

महागड्या गोळ्यांनाही हे चुकलेले नाही. आयसोक्साझोलीन जातीच्या गोळ्यांबद्दल अमेरिकेच्या औषध खात्याने २०१८ साली इशारा दिला: बहुतेक कुत्र्यांना त्या मानवतात, पण काहींचे स्नायू थरथरतात, तोल जातो, झटके येतात, पूर्वी कधी झटका आला नसेल तरीही. औषधे बंद केली नाहीत, सावध केले. म्हणजे 'सुरक्षित' हा शब्द नाव आणि रक्कम न घातलेल्या चेकसारखा आहे. कुणाला, किती वजनाला, कोणत्या वयाला, हे भरल्याशिवाय तो वटत नाही.

आणि सगळे नीट भरले तरी एक गोष्ट उरतेच. धोका लहान असेल, पण तो कुत्र्याचा. स्वच्छ सोफा आपला. सही आपली, हप्ते त्याचे!

बँकेत अज्ञान मुलाच्या खात्यातून पालक पैसे काढतो, तेव्हा 'ही रक्कम अज्ञानाच्या हितासाठी' असे आम्ही त्याच्याकडून लिहून घेतो. कुत्र्याच्या मानेवर बाटली उपडी करण्यापूर्वी असे एक प्रतिज्ञापत्र मनातल्या मनात द्यायला हरकत नाही. हे त्याच्या हितासाठी, की सतरंजीच्या? बऱ्याचदा दोन्ही हिते एकच निघतात, हे आपले नशीब. पण आधी कोणते, यावर पुढचे सगळे ठरते. सतरंजीसाठी करणारा माणूस मिळेल ती बाटली अंदाजाने ओततो आणि ऑफिसला जातो. कुत्र्यासाठी करणारा त्याला उचलून वजनकाट्यावर उभा राहतो, मग स्वतःचे वजन वजा करतो (हा धक्का निराळा सोसावा लागतो), जनावरांच्या दवाखान्यात जाऊन मागच्या दुखण्यांसकट सगळे सांगतो, मांजराला त्या रात्री वेगळे निजवतो आणि स्वतः कुत्र्यावर लक्ष ठेवून बसतो.

युधिष्ठिराने स्वर्गाच्या दारात कुत्रा सोडला नाही. आपली परीक्षा पडवीतच असते, डास मारत जागे राहण्याची. संमती न विचारता ज्याला धोक्यात घातले, त्याच्यासाठी निदान एवढा पहारा आपल्याकडे लागतो.

मध्यरात्री तो आपल्याकडे पाहून शेपूट हलवील. तो कौल समजू नये. आज मालक जागा आहे, म्हणजे खायला काहीतरी मिळणार, एवढेच त्याचे म्हणणे असते.