एकाच छपरावरची ओझी

आपत्ती कोसळली की मानवी मन पहिला प्रश्न विचारते : दोष कुणाचा? या प्रश्नाला एकच एक उत्तर असणार, असे आपण गृहीत धरून चालतो. फिलिपाईन्समध्ये घडलेली एक घटना मात्र आपल्याला निराळा विचार करावयास लावते.

लुझॉन बेटावरील पिनातुबो हा ज्वालामुखी सुमारे पाचशे वर्षे निद्रिस्त होता. १५ जून १९९१ रोजी त्याचा महास्फोट झाला आणि नेमक्या त्याच दिवशी ‘युन्या’ हे चक्रीवादळ त्या बेटावरून गेले. वादळाच्या वाऱ्यांनी राख चहूकडे पसरवली. ही राख स्पंजासारखी पाणी धरून ठेवते. पावसात भिजून ती जड झाली. त्यातच भूकंपाचे हादरे बसत होते. घरांची छपरे खचली. शास्त्रज्ञांनी वेळीच इशारा दिल्यामुळे हजारो लोक वाचले. पण त्या दिवसांत जे दगावले, त्यांतील बहुतेक याच छपरांखाली सापडले.

कोरड्या राखेचा भार त्यांतील कित्येक छपरांनी पेलला असता. पावसाची तर त्यांना सवयच होती. अनर्थ झाला तो दोहोंच्या भेटीत. शिवाय तो तेथेच थांबला नाही. डोंगरउतारावरचे आएटा आदिवासी निर्वासितांच्या छावण्यांत आले आणि तेथे गोवर, अतिसार व न्यूमोनिया यांनी त्यांची अनेक मुले हिरावून नेली. एरवी ज्या दुखण्यातून मूल उठले असते, ते उपासमारीने व गर्दीने खंगलेल्या देहाला झेपले नाही.

शिलोहाचा बुरूज ज्यांच्यावर पडला ते इतरांहून अधिक पापी होते काय, असे प्रभूने श्रोत्यांना विचारले आणि स्वतःच नकार दिला. मृतांच्या पापाचा हिशेब मांडण्याचा अधिकार त्याने आपल्याला दिलेला नाही. मग आपल्या वाट्याला कोणता प्रश्न उरतो? आमच्या मते तो असा : या छपरावर आधीच किती भार आहे?

हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. शेजाऱ्याचे कर्ज आपण वेगळे मोजतो, त्याच्या घरातील आजारपण वेगळे, मुलाची बेकारी वेगळी. आणि प्रत्येकाविषयी म्हणतो, ‘एवढ्याने माणूस मोडत नाही.’ ते खरेही असते. परंतु माणसावर ही ओझी वेगवेगळी येत नाहीत. म्हणूनच आपला एखादा कठोर शब्द, तोही ‘एवढासाच’, कुणाच्या छपरावरचा पाऊस ठरू शकतो.

मदतीचेही तसेच आहे. पिनातुबोच्या उतारांवर साचलेली राख पुढे कित्येक पावसाळे चिखलाचे लोंढे होऊन खाली येत राहिली. १९९५ मध्ये बाकोलोर गावातील सान गिलेर्मो चर्च त्यात निम्मे गाडले गेले. तेथील भाविकांनी गाळ उपसून वेदीमागील कोरीव मखर बाहेर काढले, उंचावर पुन्हा उभारले आणि पूर्वीच्या खिडक्यांतून ये-जा सुरू केली. एकट्यादुकट्याच्या आवाक्यातले ते काम नव्हते. संकटे एकत्र येऊन घर पाडतात. ते सावरावयाचे तर आपणही एकत्रच जावयास हवे, आणि तेही छप्पर खचण्यापूर्वी.