चार पापड



मागल्या महिन्यात आमच्या अभ्यासवर्गात एक पोरगं उठलं. "दादा, मी निघू का? मेस नऊला बंद होतीय." गावाकडनं सोलापुरात शिकायला आलेलं पोरगं. मी दिवसपाळी करून आलेलो, मागाचा खडखडाट अजून कानात, त्यात बोलायच्या तावात. मी त्याला लंडनची गोष्ट सुनावली. बाबासाहेब तिथं अर्धपोटी रात्ररात्र वाचत होते, अन् तुला एक वेळचं जेवण सोडवत नाही? पोरगं खाली बसलं. बसता बसता म्हणालं, "पण दादा, ते पापड त्यांना दिले कुणी?" सगळे हसले. मीही हसलो. वर्ग अकराला सुटला.

घरी आईनं कडक भाकरी आणि शेंगाची चटणी झाकून ठेवली होती. मी जेवलो. पोटभर जेवलो, हे लिहायला लाज वाटते.

गोष्ट खोटी नाही. १९२० साली बाबासाहेब दुसऱ्यांदा लंडनला गेले. पैसा मोजका. घरमालकीण सकाळी पावाचा तुकडा आणि चहा द्यायची, रात्री कपभर बोव्हरील, म्हणजे गोमांसाचा अर्क, आणि बिस्किटं. दहा वाजले की पोटात आग पडायची. मग ओळखीच्या माणसानं दिलेले पापड काढायचे, चारच, पत्र्यावर भाजायचे, अन् पुन्हा पुस्तक. चरित्रकारांनी हे लिहून ठेवलंय. परमुलखात रात्री भाजल्या पापडाचा वास कसा लागला असेल, हे आपल्यातल्या एकाही कवीनं लिहू नये? मीही नाही लिहिलं.

आपण त्या पापडांचा उपास केला. १९५६ साली उपासतापास सोडले आणि भुकेला मागच्या दारानं आत घेऊन मखरात बसवली. उपाशी राहिला तो निष्ठावंत, जेवून आला तो ढिला! भुकेत पुण्य शोधायची खोड आपली नव्हे. आपल्या आज्या भुकेला भूकच म्हणत होत्या.

यावर एक मित्र म्हणाला, अरे, तिकडची भूक इज्जतीची होती. त्याचंही खरं आहे. युरोप-अमेरिकेत राहून आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच पुसली गेली होती, असं बाबासाहेबांनीच लिहिलंय. आणि इकडं? १९१८ साली मुंबईत सिडनहॅम कॉलेजात प्रोफेसर झाले, तर त्यांनी प्राध्यापकांच्या माठातलं पाणी घ्यायला सोबतचे प्रोफेसर हरकत घेऊ लागले. पगार होता, माठही भरलेला होता. मग अपमानाच्या भरल्या ताटापेक्षा मानाची भूक बरी, असं मी एका कवितेत लिहूनही टाकलं होतं. टाळ्या पडल्या. आता ती ओळ मला खोटी वाटते. ताट पाहिजे की मान, हा सवालच ज्यांची ताटं भरलेली आहेत त्यांनी आपल्यापुढं टाकलेला. आपण त्यातलं एक का निवडायचं?

बाबासाहेबांनी निवडलं नाही. १९२३ ला ते परत आले, १९२४ ला बहिष्कृत हितकारिणी सभा काढली, आणि ४ जानेवारी १९२५ ला सभेचं पहिलं वसतिगृह उघडलं. कुठं? आपल्या सोलापुरात! पोरांचं जेवण, कपडे, वह्या-पुस्तकं, सगळा खर्च सभेचा. नगरपालिका महिना ४० रुपये द्यायची. तिथल्या मुलांनी 'सरस्वती विलास' नावाचं मासिकही चालवलं. म्हणजे ज्यानं पत्र्यावर पापड भाजले, त्यानं परतल्यावर पोरांना पापडाची गोष्ट सांगितली नाही, आधी चूल पेटवली. जेवलेल्या पोरांनी मग मासिक काढलं.

आणि त्या पोराचा सवाल. पापड कुणीतरी दिले होते. गोष्ट सांगताना तो देणारा माणूस मी दर वेळी गाळत आलो.

आता वर्ग साडेसहाला सुरू होतो, साडेआठला सुटतो. ज्याची मेस चुकेल त्याच्यासाठी आळीपाळीनं भाकरी आणायची असं मी मांडलंय. दोघातिघांचं म्हणणं, वर्ग म्हणजे खाणावळ नव्हे. त्यांनी येत्या रविवारी भांडायला यावं. पोरगंही येतो म्हणालंय. भाकरी माझ्या पाळीची आहे, चटणी तिखट असते.